शेअर दाखल्यावर पहिले नाव कुणाचे?



गेल्या हंगामात बॉयलर पेटून आठवडा झाला होता. आम्ही सभासद शिक्षण विभागाची मंडळी एका गट कार्यालयात बसलो होतो. तोडीचा कार्यक्रम, टोळ्यांची ने-आण, कुणाचा ऊस आधी नि कुणाचा मागून, अशी नेहमीची गडबड चालू होती. इतक्यात एक बाई आत आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सात-बाराचा उतारा, बँकेचे पासबुक आणि मागल्या सालच्या ऊसबिलाचा कागद.

"आडसाली पंधरा महिन्यांचा झाला, तुरा सुटाय लागलाय. टोळी कधी येनार?" त्यांनी विचारले.

चिटबॉयने रजिस्टर उघडले. "काकू, नोंद कुणाच्या नावावर?"

"पोराच्या. त्यो पुण्याला कंपनीत असतो."

"आणि शेअर?"

"मालकांच्या नावावर. ते जाऊन दोन वर्सं झाली."

"मग तुमच्या नावावर काय?"

बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या नावावर काय न्हाई बाबा. रातचं पानी धरायचं तेवढं माझ्याकडं."

कार्यालयात बसलेली मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. लागण, खुरपणी, खत, पाण्याची पाळी, तोडीच्या वेळी टोळीमागे उभे राहणे, हे सगळे जी बाई करते, ती आपल्या कारखान्याची कोणीच नव्हे. तिला मत नाही, सभेचे निमंत्रण नाही, अहवालाची प्रत नाही. मग ती उद्या संचालक व्हावी, अध्यक्ष व्हावी, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

स्त्रियांनी पुढे यावे, असे भाषण दर वर्षी ८ मार्चला होते. टाळ्या पडतात, हळदीकुंकू होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे जिथल्या तिथे. आमच्या मते चूक अशी होते की आपण शिडीच्या वरच्या टोकाकडे बघत बसतो. संचालकपद ही शेवटची पायरी आहे. खालच्या पायऱ्याच निखळलेल्या असतील तर वर चढायचे कसे? म्हणून या पाठात एकेक पायरी तपासून पाहू. कोणती मोडली आहे आणि ती बसवणे कुणाच्या हातात आहे, एवढेच बघायचे.

पहिली पायरी : नाव

आपल्या सहकाराचा पाया काय? १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्या वेळी शेतकऱ्याला जी गोष्ट पटवून दिली, ती साधी होती. शेअर एक असो की पन्नास, माणसाला मत एकच. पैशाला मत नाही, माणसाला आहे. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातही एक सभासद, एक मत हेच तत्त्व राहिले.

पण मत सभासदाला आहे, राबणाऱ्याला नाही. बहुतेक कारखान्यांच्या पोटनियमांप्रमाणे उत्पादक सभासद व्हायचे तर कार्यक्षेत्रात आपल्या नावावर जमीन हवी आणि ऊस हवा. म्हणजे गोष्ट सात-बाराशी येऊन थांबते.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्या. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. सबंध देशासाठी हीच सुधारणा २००५ साली हिंदू वारसा कायद्यात झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते, असा वाद बरीच वर्षे चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

कायदा असा असताना घरात काय होते? भावाने साडी-चोळी दिली, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही दिली. भाऊ-बहिणीचे प्रेम मोडावे असे आम्ही म्हणत नाही. पण सही करण्यापूर्वी ती कशावर करतो आहोत, हे बहिणीला कुणी वाचून दाखवले होते का, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

बायकोच्या बाबतीत तर वाट आणखी सोपी आहे. शेतकरी संघटनेचे १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला महिला अधिवेशन भरले. आपल्या भागातूनही तिकडे गेलेल्या बाया अजून त्याची आठवण काढतात. त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा, असे ते गावोगाव सांगत होते. पुढे शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सात-बाराला सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. नवऱ्याची इच्छा असेल तर एका अर्जाचे काम.

आता या पाठाच्या मथळ्याकडे येऊ. पुष्कळ सभासद म्हणतात, "आमचा शेअर दोघांच्या नावावर आहे, मग अडचण कसली?" अडचण अशी की शेअर सामाईक असेल तर मतदानाचा हक्क दाखल्यावर ज्याचे नाव पहिले त्याला असतो. तो हजर नसेल तरच दुसऱ्या नावाचा विचार होतो. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे नाव हे बहुतेक वेळा नुसते शोभेचे. घरात दोन शेअर घेण्याइतकी ऐपत व जमीन असेल तर एक शेअर स्वतंत्रपणे घरच्या बाईच्या नावाने घ्यावा. तसे जमत नसेल तर पहिले नाव कुणाचे, याचा घरात बसून एकदा तरी विचार व्हावा.

आणि नामनिर्देशन! सभासद वारल्यावर त्याचा भाग त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या नावे होतो. नेमणूकच केली नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करीत फिरावे लागते. शेअर घेताना जो फॉर्म घाईने भरला जातो, त्यात बहुतेक जण थोरल्या मुलाचे नाव घालतात. का घालतात, असे विचारले तर उत्तर येते, "आता आमच्याकडं तसंच असतंय." तसेच का असते, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी पायरी : सभा

नाव लागले तरी बाई सभेला येते का? इथे आमची स्वतःची चूक आधी सांगितली पाहिजे.

चार-पाच वर्षांमागे आम्ही गावोगाव सभासद शिक्षणाचे वर्ग घेतले. वेळ रात्री साडेआठची, जागा मारुतीच्या देवळापुढची. पुरुष मंडळी जेवून-खाऊन आरामात येत. बाया एकही नाही. आम्ही अहवालात लिहून टाकले, 'महिलांचा प्रतिसाद नाही'. हा अहवाल एका गावच्या अंगणवाडी ताईंच्या वाचनात आला. त्या आम्हाला म्हणाल्या, "साहेब, साडेआठला भाकरी थापायच्या का तुमचं भाषण ऐकायचं? आणि देवळापुढं सासरे-दीर बसलेले असताना कोण बाई येऊन पुढं बसंल?"

आम्ही निरुत्तर झालो. पुढचा वर्ग दुपारी दोन वाजता शाळेत ठेवला. निरोप दवंडीवर न सोडता बचत गटांतून दिला. बसायची सोय समोर केली. त्या दिवशी वर्गखोली भरली. आणि पहिलाच प्रश्न असा आला की आमच्या शेतकी विभागाच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितले. एक बाई म्हणाल्या, "काट्यावरची वजनाची पावती घरी येतच न्हाई. डायवर मालकाला देतो, मालक खिशात घालतो, सदरा धुवायला पडला की पावतीचा लगदा. आमी हिशेब लावायचा कशावर?"

बघा, वीस वर्षांत कोणत्याही वार्षिक सभेत हा प्रश्न आलेला आम्हाला आठवत नाही. प्रतिसाद नव्हता असे नाही. आम्ही विचारलेच नव्हते.

वार्षिक सर्वसाधारण सभेचे चित्र तर सर्वांना ठाऊक आहे. अहवालावरचा विषय वाचून होतो न होतो तोच मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज उठतो. त्या गर्दीत एखादी बाई आलीच तर मंडपाच्या कडेला उभी राहते आणि ध्वनिक्षेपक तिच्यापर्यंत कधी पोचत नाही. येताना एस.टी. नाही, आल्यावर स्वच्छतागृह नाही. ज्या सभेला जाताना सकाळपासून पाणी न पिता बसावे लागते, त्या सभेला बाई उत्साहाने का यावी? ही अडचण कुणी चारचौघांत बोलून दाखवत नाही. म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

तिसरी पायरी : संचालक मंडळ

आता कायद्याने दिलेल्या जागा पाहू. २०११ साली संसदेने सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती केली आणि ती फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. तिला धरून आपल्या राज्याने २०१३ साली सहकार कायदा बदलला. संचालक मंडळ जास्तीत जास्त २१ जणांचे आणि त्यात २ जागा स्त्रियांसाठी राखीव. पुढे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता भाग रद्द ठरवला. पण राज्याच्या कायद्यातली तरतूद राहिली.

२१ पैकी २ म्हणजे दहात एकसुद्धा नाही. याच गावांच्या ग्रामपंचायती बघा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिथे एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. म्हणजे गावच्या चावडीत निम्म्या बाया बसतात. गावच्या उसाचा हिशेब जिथे होतो तिथे दोन.

आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. राखीव दोन जागा म्हणजे 'कमीत कमी दोन'. आपण त्याचा अर्थ 'फक्त दोन' असा करून बसलो. सर्वसाधारण गटातून उभे राहायला स्त्रीला कुणी मनाई केलेली नाही. पण पॅनेल ठरताना काय चालते? "बायकांच्या दोन जागा आहेतच की, मग गटाची जागा कशाला घालवता?" झाले. राखीव जागा ही शिडी व्हायची, ती छप्पर होऊन बसली.

निवडून आल्यावरची कहाणी वेगळीच. सभेची विषयपत्रिका नवऱ्याच्या हातात, फोन नवऱ्याचा, खुर्चीही कधीकधी नवऱ्याची. बाई येते ती प्रोसिडिंगवर सही करायला. 'सरपंच पती' हा शब्द आपण ऐकला आहे. 'संचालक पती' त्याचाच सख्खा भाऊ. पण दोष नुसता नवऱ्याचा नाही. ज्या मंडळात स्त्री संचालकाला कार्यक्रमाच्या स्वागत समितीत घालतात, पण खरेदी, शेतकी, अर्थ या उपसमित्यांत घेत नाहीत, तिथे ती शिकणार काय? पाण्यात न उतरता कुणाला पोहता आले आहे?

"बायांना व्यवहार कळत नाही" असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्याचेच पुढे लिज्जत पापड झाले. त्या संस्थेत काम करणाऱ्या बाया बहिणी म्हणून ओळखल्या जातात आणि त्याच संस्थेच्या मालक आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले. म्हसवडच्या बायांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर बऱ्याच जणींचे अंगठे होते. बाया रडत बसल्या नाहीत. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, फक्त सही येत नव्हती. आपण मात्र सही येत नाही म्हणून हिशेबही येत नाही असे धरून चालतो.

मात्र एक गोष्ट खुल्या मनाने कबूल करू. या दोन्ही संस्था स्त्रियांच्या स्वतःच्या आहेत. जिथे पुरुष आधीपासून बसले आहेत, तिथे सरकून जागा करून देण्याची वेळ आली की आपली कसोटी लागते.

चौथी पायरी : कारखान्यातली नोकरी

नेतृत्व नुसते संचालक मंडळात नसते. चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर, मुख्य शेतकी अधिकारी, कार्यकारी संचालक ही माणसे कारखाना चालवतात. आपल्यातल्या किती सभासदांच्या मुली शेतकी पदवीधर झाल्या, रसायनशास्त्र शिकल्या? मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. ही संस्था १९७५ साली आपल्यासारख्या सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली. मग त्या मुली कारखान्यात वर का दिसत नाहीत?

याचे उत्तर पाळीत आहे. गाळप चोवीस तास चालते. लॅब केमिस्टचा शिफ्ट केमिस्ट व्हायचा तर रात्री पॅनवर, सेंट्रिफ्युगलवर उभे राहून निर्णय घेण्याचा अनुभव हवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांचे काम सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्यातच ठेवले होते. हेतू संरक्षणाचा होता. पण परिणाम असा झाला की मुलगी जनरल शिफ्टला प्रयोगशाळेत ब्रिक्स-पोल काढत राहिली आणि तिच्या बरोबरीने लागलेला मुलगा रात्रपाळ्या करीत वर गेला. बढतीच्या वेळी साहेब म्हणतात, "हिला शिफ्टचा अनुभव नाही." अनुभव नाही, कारण दिलाच नाही.

आता ही सबब उरलेली नाही. महाराष्ट्राने २०१५ साली काही अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. संसदेने २०२० साली केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून रात्री काम देता येते असे म्हटले आहे. संमती तिची आणि व्यवस्था कारखान्याची, हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. घरापासून नेण्या-आणण्याची गाडी, उजेड, जवळ स्वच्छतागृह, पाळीवर एकटी नको, एवढे केले की काम भागते. आणि ज्या बाईने बांधावर साप-विंचवातून रातचे पाणी धरले, तिच्या मुलीला रात्रपाळी झेपणार नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

दुसरी अडचण बाळंतपणाची. नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने मिळते. ती दिली म्हणजे उपकार केले नव्हेत. पण रजेवरून परत आल्यावर जबाबदारीचे टेबल काढून घेऊन आवक-जावकला बसवायचे, असे होत असेल तर रजा देऊनही बढती खुंटलीच.

तिसरी अडचण बोलायला अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रीची छेडछाड, घाणेरडे बोलणे, अंगचटीला जाणे. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल नियम घालून दिले आणि २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. समितीची प्रमुख स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. ही समिती फलकावर आहे की कामावर आहे, हे विचारणे सभासदाचे काम आहे. कारण कारखाना सभासदांचा आहे.

तिने बसून फरक काय पडतो?

काही जण म्हणतील, बाई बसली काय नि बुवा बसला काय, निर्णय तोच. तर मग ऐका. ग्रामपंचायतींत राखीव जागा आल्यावर पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. याच डुफ्लो बाईंना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाहणीत दिसले की जिथे प्रमुख स्त्री होती, तिथे गावातल्या स्त्रिया ज्या कामांची मागणी करीत होत्या, त्या कामांवर पैसा जास्त लागला. दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्याचे काम त्यात होते. २००९ साली आलेल्या बंगालमधल्याच आणखी एका अभ्यासात असे आढळले की ज्या गावांनी दोन वेळा स्त्री प्रमुख पाहिली, तिथे पुढे बिनराखीव जागांवरही जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. म्हणजे पहिल्यांदा लोक कायद्याने निवडतात, मग सवयीने निवडतात.

आता हेच आपल्या उसाच्या फडात आणून बघा. तोडणीला येणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाकडे, मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे नाव कुठेच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. टोळीच्या कोप्यांवर पाणी आहे का, आडोसा आहे का, बाळंतीण बाई फडात आहे का, हे प्रश्न संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर कोण घालणार? ज्याला ती अडचण कधी आलीच नाही, त्याला ती सुचत नाही. यात पुरुष वाईट असतात असे मुळीच नाही. फक्त त्यांना दिसत नाही.

आपण काय करायचे?

घरात करायची कामे अशी. एक, आज संध्याकाळी शेअर दाखला काढून पहिले नाव कुणाचे ते बघावे. दोन, नामनिर्देशनाचा फॉर्म तपासावा. तीन, सात-बाराला पत्नीचे नाव लावण्याचा अर्ज करावा. चार, वजनाची पावती आणि ऊसबिल घरच्या बाईच्या हातात द्यावे आणि हिशेब तिने ठेवावा.

कारखान्यात मागायच्या गोष्टी अशा. एक, वार्षिक अहवालात स्त्री सभासदांची संख्या गटवार छापावी. दोन, गटसभा दुपारच्या वेळी घ्याव्यात. तीन, सभेच्या जागी आणि प्रत्येक गट कार्यालयात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. चार, स्त्री संचालक खरेदी व शेतकी उपसमितीत असावी. पाच, बढतीच्या यादीत स्त्री नसेल तर का नाही, याचे कारण लिहून ठेवावे. यांतल्या कोणत्याही मागणीसाठी फार मोठा पैसा लागत नाही. सूचक आणि अनुमोदक मात्र लागतात.

अभ्यासमंडळाने चर्चेसाठी तीन प्रश्न घ्यावेत. आपल्या गावात उसात राबणाऱ्या बाया किती आणि त्यांतल्या सभासद किती? गेल्या वार्षिक सभेत एखाद्या बाईने प्रश्न विचारला होता का, आणि विचारला असेल तर त्याला उत्तर मिळाले का? आपण स्वतः सर्वसाधारण गटातल्या स्त्री उमेदवाराला मत देऊ का, आणि देणार नसू तर का?

शेवटी त्या गट कार्यालयातल्या बाईंविषयी. त्यांच्या मालकांनी नामनिर्देशन केलेले नव्हते. शेअर बाईंच्या नावे व्हायला वारसांची संमती हवी. दोन्ही लेकींनी माहेरी येऊन एका दिवसात सह्या केल्या. मुलगा अजून "बघू" म्हणतो. त्याला भीती अशी की आईचे नाव लागले तर उद्या बहिणी हिस्सा मागतील. आम्ही त्याला दोनदा भेटलो. बाहेर ओसरीवर बसून चहा घेतला, कायदा सांगितला. तो वाईट मुलगा नाही. आईला जपतो, महिन्याला पैसे पाठवतो. फक्त कागदावर आई नको, एवढेच.

निवडणुकीची मतदारयादी तयार होण्याआधी त्याची सही आली तर त्या बाईंचे नाव यादीत येईल. नाही आली तर त्या पुढच्या हंगामातही पिशवी घेऊन गट कार्यालयात येतील आणि चिटबॉय त्यांना विचारील, "काकू, नोंद कुणाच्या नावावर?"

असे मुलगे आपल्या प्रत्येक गावात आहेत. आपल्यापैकी कुणी असा असेल, तर हा पाठ त्याच्यासाठी आहे.

विना सहकार नाही उद्धार, असे आपण सभेच्या शेवटी म्हणतो. घरातल्या बाईला बाहेर ठेवून केलेला सहकार अर्धाच असतो, आणि त्याने होणारा उद्धारही अर्धाच.